आरडी ३५० एचटी : लटकणारी रेस अखेर उतरली

सापडलं एकदाचं! आरडी ३५० एचटी, म्हणजे राजदूतची ‘हाय टॉर्क’ टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची मोटारसायकल; तिची रेस (इंजिनचा वेग) खाली येत नव्हती. कारण: डावं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाभोवतीचं रबरी सील) हवा ओढत होतं. आधी ज्या डाव्या कार्बवर (कार्ब्युरेटरवर) संशय होता, त्याची निर्दोष मुक्तता.

लक्षणं अशी. इंजिन गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला की रेस वरच लटकते. उजवा प्लग चॉकलेटी, डावा पांढराफटक, म्हणजे तिथे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. कार्बची अदलाबदल केली तरी पांढरा प्लग डावीकडेच राहिला, म्हणजे कार्ब सुटले. रीडच्या (इनटेकमधल्या एकमार्गी झडपेच्या) पाकळ्या सपाट, चीर नाही. इनटेक रबरवर क्लीनर फवारला तरी रेस हलत नाही. अशा वेळी बरेच मेकॅनिक मेन जेट (कार्बमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) वाढवून देतात. त्याने काही साधत नाही, कारण आयडलला कार्बची स्लाइड (थ्रॉटलने उघडणारी झडप) जवळपास बंद असते आणि गळतीच्या हवेचा वाटा तिथेच सर्वांत मोठा असतो. मोठा मेन जेट फक्त वरच्या रेसला गाडी गुदमरवतो. उजवं सील गेलं असतं, तर गिअर ऑइल आत ओढलं जाऊन सायलेन्सरने धूर सोडून चुगली केली असती. डावं मॅग्नेटमागे (वीज बनवणाऱ्या चक्रामागे) कोरडं असतं, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही.

यावर उपाय एकच, प्रेशर टेस्ट: इंजिनची तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि दाब टिकतो का बघायचं. महागडा किट नको. बीपी यंत्राचा फुगा आणि डायल पुरतात. ३०० मिमी पारा म्हणजे जवळपास ६ पीएसआय, आणि हवं तेवढंच असतं. कंप्रेसर लावाल तर चांगलं सीलही उडेल. जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट फोडून त्यात नळी ब्रेझ करायची. दोन्ही एक्झॉस्ट, दोन्ही इनटेक आणि ऑटोल्यूबच्या (इंजिनला ऑइल पुरवणाऱ्या पंपाच्या) नळ्यांची तोंडं, सगळं बंद करायचं. एकच सिलिंडर बंद करून भागत नाही: दोन्ही सिलिंडरच्या मधलं लॅबिरिंथ सील (शाफ्टला न टेकणारं, खाचांचं) हवा पलीकडे सोडतं. दाब ६ मिनिटं टिकायला हवा. इथे काटा बघता बघता शून्यावर आला. मॅग्नेट काढून साबणाचं पाणी सोडलं, तर शाफ्टभोवती फेसाचं कडं.

नवं सील व्हायटॉन रबराचं घ्या. नाना पेठेत साधं नायट्राइलचं स्वस्तात मिळतं, पण इथेनॉलच्या पेट्रोलसमोर त्याच्यावर पैसे लावू नयेत. शाफ्टवर जुन्या ओठाची खाच नखाला लागत होती, म्हणून नवं सील अर्धा मिलिमीटर बाहेर बसवलं. आधी शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर (मॅग्नेट अडकवणाऱ्या की-वेवर) पातळ टेप, ओठाला ग्रीस. टेप नसेल तर खाचेची धार ओठ कापते. पुन्हा टेस्ट: काटा जागचा हलला नाही. काय सुख!

मॅग्नेट निघालंच होतं, म्हणून टायमिंगही नव्याने: ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप ०.३५ मिमी, प्लगच्या भोकात डायल गेज, दोन्ही बाजू टीडीसीआधी (पिस्टन सर्वांत वर येण्याआधी) २.० मिमी. आता थ्रॉटल सोडताच रेस सरळ खाली.

पुढचा बेत एक्स्पान्शन चेंबरचा (ताकद वाढवणाऱ्या फुगीर सायलेन्सरचा) होता. जपानी आरडीच्या ३९ हॉर्सपॉवरपुढे एचटीचे ३०.५ खुपतातच. पण गेज हाताशी होतं म्हणून शाफ्टच्या टोकाला लावलं, तर दर फेरीत काटा डोलतोय. बाहेरचं बेअरिंग ढिलं असेल तर व्हायटॉनही फार काळ तग धरणार नाही, आणि चेंबर लावून तोच सिलिंडर पुन्हा लीन झाला तर पिस्टन जॅम. चेंबरचे पैसे क्रँककडे वळवले. क्रँक ट्रू (सरळ) करून घ्यायचा की चारही मेन बेअरिंग बदलायची, हे केस उघडल्यावर ठरेल.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन? क्रँक सरळ झाल्यावर बघू.