तुरुंगाच्या दवाखान्यात प्रशिक्षण: गाडी अडते ती गेटवर

तुरुंगात जाऊन तिथले डॉक्टर, मिश्रक (कंपाउंडर), परिचारिका आणि शिपाई यांना प्रशिक्षण द्यायचं असेल, तर विषयाची तयारी सगळ्यात शेवटी केली तरी चालते. आधी सामानाची यादी करा. आमचे तीन आठवडे त्या यादीनेच खाल्ले.

परवानगीच्या पत्रात माणसांची नावं होती, ओळखपत्रांचे क्रमांक होते. सामानापुढे मात्र ‘प्रशिक्षण साहित्य’ एवढंच. गेटवर झडती घेणाऱ्या शिपायाला ‘साहित्य’ चालत नाही, नग लागतात. त्याचं चूक नाही. आत गेलेली वस्तू बाहेर आली नाही तर जबाब त्यालाच द्यावा लागतो. झालं, पत्र परत. दुरुस्ती, पुन्हा आवक-जावक, पुन्हा सही, त्यात साहेब दौऱ्यावर. तेव्हा पहिल्याच अर्जात लिहा: लॅपटॉप १ (कंपनी आणि सिरियल नंबरसह), चार्जर १, एक्स्टेन्शन वायर १, बीपीचं यंत्र २, ग्लुकोमीटर १, लॅन्सेट (बोटाला टोचायच्या सुया) २५. यादीच्या दोन प्रती. एकीवर गेटचा शिक्का घेऊन ती जवळ ठेवा. वापरलेले लॅन्सेटही मोजूनच बाहेर येतात, म्हणून धारदार कचऱ्याचा पांढरा डबा यादीत हवाच. आमच्या पहिल्या यादीत तो नव्हता. मोबाइल गेटवरच राहतो, त्यामुळे ओटीपी लागेल असं काहीही आत दाखवता येत नाही. निक्षयच्या (टीबीच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलच्या) पडद्यांची छपाई करून न्या.

वेळ सकाळचीच मागा. दुपारची बंदी, म्हणजे कैद्यांना बराकीत कोंडणं, सुरू झाली की शिपाई मोजणीला जातात आणि खुर्च्या रिकाम्या होतात.

आत गेल्यावर सगळ्यात जास्त वेळ आमदीच्या, म्हणजे नव्याने आत आलेल्या कैद्यांच्या, तपासणीला द्या, त्यातही दारू सुटल्याच्या त्रासाला. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. भ्रम बहुधा ४८ ते ९६ तासांत. अटकेनंतर २४ तासांत कोर्ट, तिथून अनेकदा थेट न्यायालयीन कोठडी. म्हणजे हा धोक्याचा काळ नेमका बराकीतल्या पहिल्या-दुसऱ्या रात्री येतो, आणि रात्री बराकीवर डॉक्टर नसतो, शिपाई असतो. त्याला वाटतं, नाटक करतोय. म्हणून शिपायांना वगळू नका. त्यांना एवढं शिकवा: दोन्ही हात पुढे, बोटं फाकवून, वर कोरा कागद. कागद थरथरला, सोबत घाम सुटलेला असला, बोलणं भरकटलेलं असलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. ‘पितोस का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ‘शेवटची कधी घेतली?’ असं विचारा.

दवाखान्यातल्या लोकांसाठी: ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायामिन (जीवनसत्त्व बी-१). डायझेपाम (झटके आणि थरथर आवरणारं औषध) कपाटात असतंच, पण रात्री किल्ली कोणाकडे, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवून घ्या. रात्री बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो. तो मागायचा फोन नंबर ड्युटी रूमच्या भिंतीवर हवा, डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये नको.

केसपेपर कैदी रायटरकडून लिहून घेण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. एचआयव्हीचा निकाल अशानेच संध्याकाळपर्यंत बराकभर होतो. हे अधीक्षकांसमोर बोला, नंतर कर्मचाऱ्यांना एकट्याने बोलता येत नाही.

आणि दुसरी बॅच त्याच अर्जात मागा. रात्रपाळीवाले पहिल्या दिवशी झोपलेले असतात.