डिलिव्हरीसाठी हॉस्पिटल आणि रूम बघताना

माझी ड्यू डेट ऑगस्टमधली, त्यामुळं हॉस्पिटल बघताना आईचा पहिला प्रश्न फीचा नव्हताच, "तिकडं पुराचं पाणी येतंय काय?" एवढाच. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला पाणी बघितलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही, म्हणून आम्ही राजारामपुरीकडचंच बघायचं ठरवलं.

आता रूमचं. जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स असं काय काय असतंय आणि आपल्याला वाटतं फरक फक्त भाड्याचा, पण तसं नाही ओ, बऱ्याच ठिकाणी वरची रूम घेतली की डॉक्टरांची व्हिजिट, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग सगळ्याचेच रेट वाढतात, म्हणून पॅकेजचा कागद लेखी मागा आणि नॉर्मलचं सिझर झालं तर किती ते पण विचारा. भाडं दिवसाला ५००० च्या वर गेलं तर २०२२ पासून ५ टक्के जीएसटी पण आहे. इन्शुरन्समध्ये रूम रेंटची लिमिट असेल आणि तुम्ही त्याच्या वरची रूम घेतली तर बाकीच्या बिलातलं पण बरंच त्या प्रमाणात कापतात, आणि मॅटर्निटीला बहुतेक पॉलिसीत वेटिंग पिरियड असतोय, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर काही काळ क्लेम मिळत नाही.

सासूबाई म्हणाल्या एसी नको, बाळंतिणीला वारं लागतंय. असू दे.

मला विचाराल तर टीव्ही-सोफ्यापेक्षा एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) त्याच बिल्डिंगमध्ये आहे का, रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठनं आणतात हे बघा. आम्ही सिंगल घेतली, साधी. आई सोबत झोपणार, तिला एक कॉट पाहिजेच.