पेट्रोल ११, डिझेल ३: चौदा महिन्यांची वही

दोन्ही जुन्या गाड्यांसाठी एकच वही ठेवायला लागून आता चौदा महिने झाले. दोन्ही फोर बाय फोर, दोन्हींनी तिशी ओलांडलेली. एक चार सिलिंडर पेट्रोल, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटणारा; पॉइंट म्हणजे त्यातला उघडझाप करणारा स्विच) असलेली. दुसरी डिझेल: टर्बो नाही, इनडायरेक्ट इंजेक्शन (डिझेल आधी छोट्या वेगळ्या चेंबरमध्ये फवारलं जातं), रोटरी पंप (एकाच फिरत्या प्लंजरने सगळ्या सिलिंडरना डिझेल देणारा). गाडी वाटेत बंद पडली की का पडली आणि परत कशी निघाली, एवढंच लिहायचं.

पेट्रोल ११ वेळा थांबली, डिझेल ३ वेळा.

एवढंच वाचलं तर निकाल डिझेलच्या बाजूने लागतो, आणि मीही वर्षभर तसंच समजत होतो. मग गाडी किती दिवस उभी राहिली याचा दुसरा रकाना आखला. पेट्रोल एकूण ६ दिवस, डिझेल ४४. तेव्हापासून ‘भरवशाचं इंजिन’ हा शब्द मी जपून वापरतो. वारंवार रुसणारं पण हाताने मनवता येणारं इंजिन एक, आणि क्वचित बिघडणारं पण बिघडलं की मशीनशॉपशिवाय न उठणारं दुसरं. रानात कुठलं हवं, हा खरा प्रश्न.

पेट्रोलचे ११ प्रसंग लवकर सांगून होतात, कारण त्यातले ७ इग्निशनचेच होते. पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप मिटत जाते, टायमिंग मागे पडतं आणि चढावर दम जातो. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून ०.४ मिलिमीटरवर आणलं की काम झालं. पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या कंडेन्सरने दोनदा छळलं: थंड असताना ठणठणीत, गरम झाल्यावर मिसिंग. आता एक पॉइंट सेट आणि एक कंडेन्सर कायम गाडीतच असतो. बाकीच्यात दोनदा व्हेपर लॉक (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो; पंपावर ओलं फडकं टाकून वीस मिनिटं थांबायचं), एकदा तीव्र उतारावर फ्लोट चेंबर ओसंडून प्लग भिजले, आणि एकदा पेट्रोलच्या नळीचं रबर आतून सुटून जेट तुंबला. हा शेवटचा प्रकार जुन्या गाडीवाल्यांनी मनावर घ्यावा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. सगळ्या नळ्या एकदाच बदलून टाका.

डिझेलकडे सावकाश बघू या, कारण तिथे मी चुकलो.

पहिल्यांदा गाडी थांबली ती फिल्टर बदलल्यानंतर. लाइनने हवा घेतली होती. हँड प्रायमर कडक होईपर्यंत मारला, नोझलचे नट अर्धा आटा सैल केले, सेल्फ मारत हवा काढली. चाळीस मिनिटं. दुसऱ्यांदा पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर तुटली. ‘मेकॅनिकल डिझेलला करंट लागतच नाही’ असं आपण ऐकत आलोय. रोटरी पंपाला ही एक वायर लागते. तिच्यात करंट नसेल तर सोलेनॉइड डिझेलची वाट बंद करतो. बॅटरीवरून थेट वायर ओढली आणि घरी आलो. ती लांब वायर आता टूलबॉक्समध्ये आहे.

तिसऱ्यांदा पंपच गेला. आधी दोन महिने वरच्या झाकणाखाली ओल दिसत होती आणि मी पुसून पुढे जात होतो. रोटरी पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. इनलाइन पंपाचा (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या पंपाचा) कॅम सहसा इंजिन ऑइलमध्ये फिरतो, म्हणून तो घाण डिझेल जरा जास्त सोसतो. माझ्या पंपात सेपरेटरमधून (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातून) निसटलेलं पाणी गेलं होतं आणि आतला प्लंजर चरे पडून खराब झाला. सील गळत असताना खोललं असतं तर निम्मं काम वाचलं असतं. गाडी टो करून आणली, ४२ दिवस पंपाविना उभी राहिली. दोष इंजिनाचा नव्हता. सेपरेटरचा खालचा कॉक दर आठवड्याला उघडून बघायचा होता, तो मी चार महिने उघडला नाही.

पाण्यातून जाण्याबद्दल एक वेगळी नोंद. डिस्ट्रिब्युटर भिजला की पेट्रोल इंजिन बंद पडतं आणि आपण वैतागतो. पण बऱ्याचदा हवेच्या वाटेने पाणी शिरण्याआधीच ते थांबतं. डिझेलला स्पार्क लागत नाही, ते चालतच राहतं, आणि इनटेक बुडाला तर पाणी ओढून घेतं. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. त्यामुळे स्नॉर्कल (हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी) आधी डिझेलला बसवला, आणि एअर बॉक्सपासून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक जोड तपासला. मधला एक क्लॅम्प सैल असेल तर वरच्या नळीला काही अर्थ नाही.

पेट्रोल की डिझेल यापेक्षा कोणतं इंजिन, हे आधी विचारावं असं मला वाटतं. टोयोटाचं ४.२ लिटर १एचझेड डिझेल आणि जीपचं ४.० लिटर सरळ सहा सिलिंडर पेट्रोल, दोन्ही दीर्घायुषी म्हणून ओळखली जातात, आणि दोन्ही आपल्या ताकदीच्या मानाने निवांत चालतात. मात्र १एचझेडला टायमिंग बेल्ट आहे, जीपच्या इंजिनाला चेन. जुनं डिझेल म्हणजे चेन किंवा गिअरच असणार, असं धरून बेल्टची तारीख विसरू नका.

या आठवड्यात दोन्हींचं कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) घेतलं. पेट्रोल: ११, ११, १०.५, ११ बार. डिझेल: २८, २८, २३, २७. तिसरा सिलिंडर मला आवडला नाही. पेट्रोलमध्ये अशा वेळी चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतो. आकडा वाढला तर रिंगा, नाही तर व्हॉल्व्ह. डिझेलचं चेंबर इतकं लहान असतं की ऑइलनेच आकडा फुगतो, म्हणून ती युक्ती इथे चालत नाही. लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते दाखवणारा) मागून आणलाय. रविवारी तिसरा सिलिंडर टॉप डेड सेंटरला (पिस्टन सर्वात वर, व्हॉल्व्ह बंद) आणून हवा भरणार. फुसफुस इनटेकमधून येते, एक्झॉस्टमधून, ऑइलच्या झाकणातून की रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात, हे ऐकायचं आणि बघायचं. बुडबुडे आले तर हेड उतरवावं लागेल, आणि दुसऱ्या रकान्यातला आकडा आणखी वाढेल.