उपकर भरला, पण नोंदणी राहिली होती

२०२३ साली ठेकेदार म्हणून जुळे सोलापुरात तीन मजली इमारतीचं काम घेतलं. बांधकाम परवानगीच्या वेळीच मालकांनी बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर भरला होता. पावती फाइलला लावली आणि कामगार खात्याचं आपलं काम झालं, असं मी धरून चाललो.

गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले मिळून २२ माणसं. त्यातल्या एका गवंड्याची बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याणकारी मंडळात नोंद करायची म्हणून कामगार कार्यालयात गेलो, तर साहेबांनी पहिल्यांदा विचारलं, 'तुमची स्वतःची नोंदणी कुठाय?' तेव्हाच्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात दहा किंवा त्याहून जास्त कामगार असले, की काम सुरू झाल्यापासून ६० दिवसांत आस्थापनेची नोंदणी लागायची. उपकर वेगळा, नोंदणी वेगळी. माझे ७० दिवस झाले होते. उशिराचं कारण लेखी दिलं, अर्ज घेतला गेला.

खरी दमछाक मस्टरने, म्हणजे हजेरीपटाने केली. कामगाराच्या नोंदणीला मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराने द्यायचा. आणि आमच्या मुकादमाच्या वहीत नुसतं पहिलं नाव आणि हजेरीची फुली. निम्मी माणसं कानडी, तेलुगू बोलणारी. आधारवर नाव एक, बँकेच्या पासबुकात दुसरंच. तीन रात्री मुकादमाला शेजारी बसवून मस्टर नव्याने मांडलं. खोटा दिवस एकही लावला नाही. ज्यांचे ९० भरत नव्हते, त्यांना उरलेल्या दिवसांच्या दाखल्यासाठी आधीच्या ठेकेदाराकडे पाठवलं.

हे मी इतकं मनावर घेतलं त्याला कारण आहे. माझ्याच आधीच्या एका कामावर डक्टच्या, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या उघड्या भोकातून एक बिगारी पडला, पाय मोडला. दवाखान्याचा खर्च मी केला, पण त्याची मंडळाकडे नोंद नव्हती, हक्काचं काही मागता आलं नाही. चार महिने त्याचं घर बायकोच्या विड्यांवर चाललं.

म्हणून या कामावर स्लॅबचं सेंट्रिंग खोललं की त्याच दिवशी डक्टवर फळ्या ठोकायच्या, परांचीला कठडा बांधल्याशिवाय कुणी वर चढायचं नाही. एप्रिलच्या उन्हात हेल्मेट डोक्यावर राहीना. सकाळी सहाला काम धरलं, अकराला सोडलं, उरलेलं चारनंतर. हेल्मेटखाली ओला पंचा बांधायची युक्ती गवंड्यांचीच.

१७ जणांची नोंदणी झाली. दोघांची नावं अजून बँकेत दुरुस्त व्हायचीत. सोमवारी त्यांना घेऊन मीच जाणार आहे.