जरी-तरीचं इंग्रजी

पहिल्या सेमिस्टरची मेकॅनिक्सची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होती. टेबलावर उतरती फळी, फळीवर लाकडी ठोकळा. परीक्षकांनी विचारलं, हा ठोकळा घसरत का नाही? उत्तर मला पक्कं माहीत होतं. तोंडातून निघालं, 'फ्रिक्शन... वेट... कंपोनंट... लेस.' सर म्हणाले, 'फुल सेंटेन्स.' मी तेच चार शब्द उलटसुलट लावून पुन्हा म्हटले. त्यांनी माझं जर्नल मिटलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

मी कळव्याची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे मलाही ते दहा वर्षं होतं आणि मार्कही बरे पडायचे. अकरावी-बारावी सायन्सला पुस्तकं इंग्रजी, पण क्लासमधले सर समजावायचे मराठी-हिंदीत. बोर्डाची उत्तरं पाठ केलेली आणि बाकी सगळा जीव सीईटीत. तीन तास, 150 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. दोन वर्षांत विज्ञानातली एकही गोष्ट मी स्वतःच्या इंग्रजी वाक्यात कुणाला सांगितली नव्हती. शब्द भरपूर साठले होते, ते जोडायला काहीच नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, आपल्याला विषयच येत नाही.

2022 मध्ये नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. व्हायवा झाल्यावर आमच्यासारख्या बावीस जणांची वेगळी बॅच काढली आणि चार वाजल्यानंतर जादा तास सुरू केले. त्यात काय, तर काळांचा तक्ता. ही गोज, ही इज गोइंग, ही हॅज गॉन. आठवीत केलेलंच सगळं. दारावर बॅचची यादी लावलेली असायची आणि येणारे-जाणारे ती वाचायचे. दीड महिना गेला, हातात काही आलं नाही. ज्याला घर्षण समजावून सांगायचं आहे, त्याला रिकाम्या जागा भरायला देऊन काय उपयोग? याचा राग मला अजून आहे.

मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या इंजिनीअरिंग अभ्यासक्रमात 'प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स' दोनदा येतं, दुसऱ्या सेमिस्टरला आणि पाचव्या. सगळे त्याला पीसीई म्हणतात आणि सहसा कुणी मनावर घेत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला ज्या मॅडम आल्या त्यांनी पहिल्याच लॅबमध्ये सांगितलं, 'प्रॅक्टिकलचं कन्क्लूजन आणा. जर्नलमधून उतरवलेलं नको, तुमचं.' मी लिहिलं होतं, 'ऑल्दो द प्लेन इज इन्क्लाइंड, बट द ब्लॉक डज नॉट स्लाइड.' मॅडमनी त्यातल्या 'बट'भोवती पेन्सिलीने गोल केला.

'हे मराठीत कसं म्हणशील?'

'फळी जरी उतरती असली, तरी ठोकळा घसरत नाही.'

'बघ, हा 'बट' म्हणजे तुझा 'तरी'. आपल्याकडे जरी आला की मागोमाग तरी येतोच. इंग्रजीत दोघांपैकी एकालाच घ्यायचं. ऑल्दो घेतलास ना, मग बट सोड.'

दहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चूक खोडून 'राँग' लिहिणारे खूप भेटले, पण ती चूक माझ्या मराठीतून सरळ चालत आली आहे आणि मराठीत ती चूकच नाही, हे दाखवणाऱ्या मॅडम पहिल्याच. मग मी जो-तो शोधायला लागले. 'ज्या बाजूला भार आहे ती बाजू वाकते' यावरून मी लिहायचे, 'द साइड विच हॅज लोड, दॅट साइड बेंड्स.' त्यातली 'दॅट साइड' काढली की वाक्य सरळ होतं. 'द' मात्र आजही चुकतो. मराठीत तसं काही नाही, त्यामुळे तो कानाला खटकतच नाही. मॅडमचा साधा नियम मी धरून आहे: ऐकणाऱ्याला कोणता ते कळलंय का? कळलं असेल तर 'द'.

त्यांनी एक यादीही दिली. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय मजकुरातून काढलेली, 570 शब्दकुळांची. कुठल्याही शाखेच्या पुस्तकात भेटणारे शब्द: अझ्यूम, डिराइव्ह, इंडिकेट, व्हेरी, कॉन्स्टंट. ठाण्याहून नेरुळ गाडीत बसले की रोज पाच शब्द घ्यायचे. पण पाठ करायचे नाहीत, त्या दिवशीच्या लेक्चरमधलं एकेक वाक्य त्यांच्यावर बसवायचं. दोन वर्षं हे चाललं. मधल्या काळात ठाणे-ऐरोलीच्या दरम्यान दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तरी माझा पाचवा शब्द ऐरोलीतच संपायचा.

पाचव्या सेमिस्टरच्या पीसीईत रिपोर्ट आणि ग्रुप प्रेझेंटेशन असतं. आमच्या चौघांचा विषय, लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, मापं का चुकतात. विषय मी सुचवला, कारण बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर आहेत. त्यांची शाळा सातवीत सुटली, पण लेथ, चक, जॉब, टॉलरन्स, रिजेक्शन हे शब्द आमच्या घरात जेवताना असतात. जॉब म्हणजे लेथवर घडवायचा तुकडा, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक. मी रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, 'मुख्य राहिलं की. जॉब गरम असताना मोजलास तर तेव्हा जरी बरोबर भरला, तरी थंड झाल्यावर बारीक निघणार.'

मी कागदावर हिशेब केला. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण 12 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे 50 मिलिमीटर व्यासाचा जॉब 40 अंशांनी तापला तर 24 मायक्रॉन. टॉलरन्स 20 चा असेल तर माल रिजेक्ट. बाबांनी कागद हातात घेऊन तो आकडा बराच वेळ पाहिला. इतकी वर्षं ते हे हाताने ओळखत होते. आणि त्यांच्या वाक्यात जरी-तरी आयतं बसलेलं होतं. मी लिहिलं, 'ऑल्दो द जॉब मेझर्स करेक्ट व्हेन हॉट, इट बिकम्स अंडरसाइझ आफ्टर कूलिंग.' बट नाही.

प्रेझेंटेशनला तीन शिक्षक बसले होते. एकांनी विचारलं, मग प्रत्येक कटनंतर थांबत का नाही? पाय कापत होते. मी आधी मनात मराठीत वाक्य पुरं केलं, त्यातला 'म्हणून' कुठे येतो ते पाहिलं आणि बोलले, 'इफ वी वेट आफ्टर एव्हरी कट, द मशीन स्टँड्स आयडल. देअरफोर वी यूज कूलंट, अँड टेक द फायनल रीडिंग ओन्ली व्हेन द जॉब इज कूल.' पुढे हेही सांगितलं की मापनाचं जागतिक प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. मागच्या बाकावर बसलेल्या मॅडमनी मान हलवली.

गेल्या महिन्यात बाबा रात्री माझ्याकडे आले. बंगळूरच्या गिऱ्हाईकाने माल परत पाठवला होता, उन्हात उभ्या ट्रकमधून काढून लगेच मोजला म्हणून. शेठने खोक्यावर लावायला इंग्रजीत चिठ्ठी मागितली होती. मी लिहिली, बाबांनी पेटीला लावायच्या आधी मला ती दोनदा वाचायला लावली, आणि मग विचारलं, 'यात 'थंड झाल्यावरच' मधला च आला ना?'

'ओन्ली' दाखवलं, तेव्हा त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.