टाळ्या मधेच तुटल्या

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. कारण फालतू आहे, आधीच सांगते.

संध्याकाळी हेडफोन लावून अमेरिकन सोल गायक जेम्स ब्राउनचा 'लाइव्ह अ‍ॅट द अपोलो' ऐकत होते, गाणं संपलं, पब्लिक पेटलं, टाळ्या शिट्ट्या किंकाळ्या सगळं एकदम वर चढत होतं आणि फट्. काहीच नाही. अर्धा सेकंद विहिरीत पडल्यासारखी शांतता, आणि मग तीच गर्दी जिथे होती तिथूनच पुन्हा ओरडायला लागली. अ‍ॅपने दोन ट्रॅकच्या मधे दम खाल्ला, एवढंच झालं होतं. स्टुडिओ अल्बमला हे कळतसुद्धा नाही, तिथे दोन गाण्यांच्या मधे तशीही शांतताच असते. लाइव्ह अल्बममधे कुणी गात नसेल तरी हॉल चालू असतो, आणि तो हॉलच कुणीतरी बटण दाबून बंद केला. गाण्यातला एक सूरही गेला नव्हता, तरी मी चिडले ती चिडलेच.

मग विचार करत बसले की मी लाइव्ह अल्बममधे नक्की ऐकते तरी काय. गाणी स्टुडिओतच स्वच्छ असतात, आवाज ताजा असतो, ड्रम कसे एकदम टकाटक. लाइव्हमधे गायक दमलेला, गिटार जरा उतरलेली, मधेच कुणीतरी खोकतंय. तरी माझे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेले अल्बम काढले तर निम्म्याहून जास्त लाइव्हच निघतील.

मला वाटतं मी टाळ्या ऐकते. म्हणजे त्या कधी सुरू होतात, शेवटचा सूर विरायच्या आधी की नंतर, एकट्यादुकट्याने की सगळ्यांनी एकदम, आणि मुख्य म्हणजे त्या ऐकून वाजवणारा पुढे काय करतो.

अपोलोचंच घ्या. २४ ऑक्टोबर १९६२, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचं अपोलो थिएटर. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून सगळ्या जगाचा जीव टांगणीला लागला होता तोच आठवडा. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाचं म्हणणं होतं की आधीच विकली गेलेली गाणी पुन्हा टाळ्यांसकट कोण घेणार, म्हणून ब्राउनने स्वतःच्या खिशातून पैसे घालून शो रेकॉर्ड करून घेतला. जेमतेम अर्ध्या तासाचा अल्बम. तो पुढे ६६ आठवडे बिलबोर्ड या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत राहिला आणि दुसऱ्या नंबरपर्यंत गेला, ते असो. त्यातलं 'लॉस्ट समवन' दहा मिनिटांच्या वर चालतं आणि त्यात धड गाणं असं फारसं नाहीच. बँड मागे तेच ते दोन सूर घोळवत बसलाय आणि हा माणूस एकेक शब्द लोकांत फेकतोय आणि थांबतोय, काय परत येतंय ते बघतोय, मग पुढचा शब्द त्या हिशोबाने थोडा वर किंवा थोडा खाली. एका ठिकाणी एक बाई अशी किंचाळते की अख्खा हॉल हसतो. आणि त्या हसण्यानंतर त्याचा आवाज बदलतो हो, ऐकून बघा, त्याला कळलंय की आता हे लोक आपल्या हातात आहेत. स्टुडिओत ही किंकाळी कुठून आणणार?

गंमत म्हणजे मूळ एलपीवर हे गाणं एका बाजूवर मावलं नाही म्हणून मधेच तोडून अर्धं पहिल्या बाजूच्या शेवटी आणि अर्धं दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला टाकलं होतं. म्हणजे भर रंगात असताना उठा, तबकडी उलटा, सुई ठेवा. आणि मी अर्ध्या सेकंदासाठी रडतेय.

दुसरं उदाहरण म्हणजे कंट्री गायक जॉनी कॅशचं 'अ‍ॅट फॉल्सम प्रिझन'. १३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात कैद्यांसमोर एकाच दिवसात दोन शो केले, अल्बममधलं बहुतेक सगळं पहिल्या शोमधलं. सुरुवातच काय आहे. हॅलो, मी जॉनी कॅश, एवढंच साधं वाक्य आणि मग गर्जना. ती गर्जना बसवलेली होती. कैद्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की तो आल्या आल्या टाळ्या वाजवू नका, त्याने नाव सांगितलं की मग वाजवा. म्हणजे टाळ्या तुंबवून ठेवल्या आणि मग धरणाचं दार उघडलं. मला यात काही खोटं वाटत नाही, लोक खरे, आनंद खरा, फक्त वेळ ठरवून दिली.

पण त्याच्या पुढचं ऐका. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'मधे ती माणूस मारल्याची प्रसिद्ध ओळ येते आणि लगेच कैदी खूश होऊन ओरडतात. अंगावर काटा यायचा माझ्या. तुरुंगात, त्या ओळीवर, ते लोक! मग काही वर्षांपूर्वी कळलं की ते ओरडणं नंतर वरून चिकटवलंय. तिथले कैदी पहारेकऱ्यांच्या समोर असल्या ओळींवर ओरडायची हिंमत करत नव्हते, त्या क्षणी ते गप्पच होते. मला अक्षरशः फसवल्यासारखं वाटलं, बरेच दिवस तो अल्बम लावला नाही. आता वाटतं की ती खरी शांतता ठेवली असती तर जास्त भीतीदायक झालं असतं. एवढे सगळे लोक आणि त्या ओळीनंतर कुणीच काही बोलत नाही. निर्मात्याला हे कसं सुचलं नाही कुणास ठाऊक. त्याच अल्बममधे मधूनच लाउडस्पीकरवर कुणाचा तरी कैदी नंबर पुकारला जातो, तो मात्र ठेवला, आणि माझ्या मते अख्ख्या अल्बममधली सगळ्यात भारी जागा तीच.

अशी ठिगळं सगळीकडे आहेत म्हणा. थिन लिझी या रॉक बँडच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बद्दल निर्माता म्हणतो पाऊण अल्बम स्टुडिओत परत वाजवलाय आणि बँडवाले म्हणतात छे. यात एक तांत्रिक अडचण असते ती मला फार आवडते. स्टेजवर गायकाच्या माइकमधे नुसता गायक येत नाही, मागचे ड्रमही येतात, आणि ड्रमच्या माइकमधे लांबून गायक येतो. म्हणजे नंतर बेसूर ओळ पुन्हा गाऊन घेतली तरी जुनी ओळ ड्रमच्या मागे भुतासारखी बारीक ऐकू येत राहते. पूर्ण खोटं बोलायला जागाच नाही. (चांगले हेडफोन घेतल्यापासून मी असली भुतं शोधत बसते, हा एक वेगळाच आजार आहे.)

आणि सगळ्यांचा बाप किस्सा जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनचा. न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल, ७ जुलै १९५६. 'डिमिन्यूएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या मधे त्याच्या बँडमधल्या पॉल गोन्साल्व्हिसने सॅक्सोफोनवर लागोपाठ २७ आवर्तनं वाजवली, काळ्या ड्रेसमधली एक बाई उठून नाचायला लागली, मग लोक खुर्च्यांवर चढले, आवरेनात. आणि हा पठ्ठ्या वाजवत होता चुकीच्या माइकमधे! रेडिओवाल्यांचा, व्हॉइस ऑफ अमेरिकाचा माइक होता तो, रेकॉर्ड कंपनीचा बाजूला. त्यामुळे अल्बमवर त्याचा आवाज लांबून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. कार्यक्रमातला बराचसा बाकी भाग तर दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या लावल्या होत्या. पुढे १९९६ मधे रेडिओवाल्यांची टेप सापडली, मग दोन्ही टेपा जुळवून १९९९ मधे खरा कार्यक्रम बाहेर आला, एक टेप डाव्या कानात, एक उजव्या, आणि चक्क स्टिरिओ. चाळीसेक वर्षं लोक दुसऱ्या खोलीतलाच सॅक्सोफोन ऐकून वेडे होत होते. का? तर सॅक्सोफोन नीट ऐकू नाही आला तरी गर्दी नीट ऐकू येत होती. ती दर आवर्तनाला थोडी थोडी वाढते, कढ येतो तशी. वाजवणाऱ्याच्या आत काय चाललंय ते तुम्हाला गर्दीवरून कळतं.

झालं, साडेबारा वाजले.

बुधवार

आधी कालचं प्रकरण. सेटिंगमधे गॅपलेस नावाचं बटण होतं, बंद होतं, चालू केलं, टाळ्या जुळल्या.

पण सकाळपासून कालचं लिहिलेलं डोक्यात आहे आणि ते अर्धवट आहे असं वाटतंय, कारण माझा सगळ्यात लाडका लाइव्ह अल्बम या टाळ्यांच्या हिशोबात बसतच नाही. बिल एव्हन्सचं जॅझ त्रिकूट, न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड, २५ जून १९६१. पियानो, बास, ड्रम. तळघरातला छोटा क्लब, रविवार, दुपारपासून रात्रीपर्यंत पाच सेट. आणि लोक काय करतायत? गप्पा मारतायत. ग्लास किणकिणतायत, कुणीतरी हसतंय, आणि टाळ्या म्हणाल तर चारदोन लोक सभ्यपणे वाजवतात तेवढ्याच. एका ठिकाणी तर वीज गेल्यामुळे टेपच तुटते. तिथे कुणी कुणाला पेटवत नाही. ते तिघे एकमेकांनाच ऐकतायत आणि आपण बाजूच्या टेबलावर बसून चोरून ऐकतोय. अकरा दिवसांनी बासवाला स्कॉट लाफॅरो अपघातात गेला, २५ वर्षांचा होता. त्या ग्लास किणकिणवणाऱ्यांना कुठे माहीत होतं. मला मात्र माहीत असतं, दर वेळी, आणि त्यामुळे तो किणकिणाट ऐकवतही नाही आणि काढलेला चालणारही नाही.

म्हणजे टाळ्या जोरात पाहिजेत असं काही नाही. लोक जसे होते तसे पाहिजेत, बस. दुर्लक्ष करत असतील तर दुर्लक्ष करताना.

चिडले असतील तर चिडलेले सुद्धा. बॉब डिलनचा मँचेस्टरचा कार्यक्रम, १७ मे १९६६, जो कित्येक वर्षं चोरट्या रेकॉर्डवर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा म्हणून फिरत होता आणि रीतसर बाहेर आला थेट १९९८ मधे. साध्या गिटारवर लोकगीतं गाणाऱ्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली म्हणून लोक भडकलेले. सगळ्यांना त्यातली ती जूडस (येशूचा घात करणारा, म्हणजे गद्दार) म्हणून मारलेली हाक आठवते, पण मला त्याच्या आधीची जागा जास्त आवडते. पब्लिक मुद्दाम संथ, एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागतं, म्हणजे बंद करा हे. आणि डिलन काय करतो, माइकवर काहीतरी न कळणारं पुटपुटत राहतो. काय बोलतोय ते ऐकायला लोक हळूहळू गप्प होतात, टाळ्या विरतात, आणि पूर्ण शांत झाल्यावर तो म्हणतो की इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या नसत्या तर बरं झालं असतं. आणि लगेच गाणं. आयला, काय माणूस आहे! भांडण कसं जिंकावं याचं एवढं चांगलं रेकॉर्डिंग मी दुसरं ऐकलेलं नाही.

टाळ्यांना असं उत्तर अजून एकाने दिलंय, फार प्रेमाने. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशसाठीचा कार्यक्रम. रविशंकर आणि अली अकबर खाँ सतार-सरोद जुळवून घेतायत, साथीला अल्लारखा, आणि जुळवून होताच लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. रविशंकर शांतपणे म्हणतात की नुसतं जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वादन याहून आवडेल अशी आशा आहे. अल्बममधे हे ठेवलंय याबद्दल ज्याने कुणी ठेवलं त्याला दंडवत. कापायला किती सोपं होतं! वादन उत्तम आहेच, पण ते लोक अनोळखी संगीताकडे किती उत्सुकतेने कान लावून बसले होते हे त्या चुकीच्या टाळ्यांमधूनच कळतं.

पियानोवादक कीथ जॅरेटच्या जर्मनीतल्या कोलोनच्या कार्यक्रमाबद्दल सगळेच लिहितात म्हणून थोडक्यात. २४ जानेवारी १९७५, भलताच छोटा पियानो, खालचे सूर दमदार नाहीत, वरचे टिणटिणीत, म्हणून तो बराचसा मधल्याच पट्टीत खेळत राहिला आणि डाव्या हाताने तेच ते घोळवत राहिला. सुरुवातीचे सूर त्या ऑपेरा हाउसच्या घंटेची नक्कल आहेत, आणि नीट ऐकलं तर लोक हलकेच हसतात. अल्बम सुरू होऊन काही सेकंद झालेत आणि माणूस नि हॉल यांची ओळख झालीसुद्धा.

निर्वाणा या रॉक बँडचं 'अनप्लग्ड' मी हल्ली ऐकत नाही. शेवटच्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी एक श्वास आहे, तो पुरे होतो.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट लपवून ठेवली होती ती लिहून टाकते. माझ्या फोनमधे एक रेकॉर्डिंग आहे, बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला गेले होते तिथलं. बँडचं नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. त्या दिवशी त्यांनी जे गायलं ते अजून आठवतं, दिवे गेल्यासारखा हॉल शांत झाला होता, आणि मी थरथरत्या हाताने फोन धरून उभी होते. आज दुपारी ते पुन्हा काढून ऐकलं. पहिली तीन मिनिटं बँड ऐकूच येत नाही कारण त्यांच्यावर मी गातेय, बेसूर, प्रत्येक ओळ अर्धा क्षण आधी. मग शेवट येतो. गायिका शेवटचा सूर लावते, लांबवते, मागची सगळी वाद्यं एकेक करून थांबतात, नुसता तिचा आवाज उरतो, बारीक होत होत जातो.

आणि फाट्. फोनच्या अगदी जवळ वाजलेली एक टाळी, इतकी जवळची की आवाज फाटलाय. एकटीच. मग दुसरी, तीही माझीच. हॉलमधे बाकी कुणीही वाजवत नाहीये, कारण तिचा सूर अजून चालू आहे.