इथिलीनचा हिशोब लागला, आता केळीचा वास

इथिलीनचा हिशोब एकदाचा लागला. त्याला हायड्रोजन जोडून इथेन होताना जी उष्णता निघते, ती आता प्रयोगाच्या आकड्यापासून अर्ध्या किलोकॅलरीच्या आत बसते आहे. तेही घरच्या डेस्कटॉपवर, रेणूंची ऊर्जा क्वांटम यांत्रिकीने काढणाऱ्या साय-४ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये.

रावेर-यावल पट्ट्यात राहून सुरुवातीला दुसरा रेणू घ्यावासा वाटलाच नाही. आमच्याकडे केळीच्या वखारीत हाच वायू सोडून घड पिकवतात. शिवाय रेणू लहान, सममित, आणि त्याचे प्रायोगिक आकडे पक्के. रसायनशास्त्रज्ञ किस्तियाकोव्स्की यांच्या गटाने हार्वर्डमध्ये ही उष्णता थेट मोजून १९३५ साली छापली: ८२ अंश सेल्सिअसला मोलमागे ३२.८ किलोकॅलरी. खोलीच्या तापमानाला ती ३२.६ च्या आसपास येते.

रीत नवीन येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सीसीएसडी(टी), म्हणजे इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवरचा परिणाम फार अचूक धरणारी पद्धत, पुरेशा मोठ्या बेसिस सेटमध्ये (इलेक्ट्रॉनांच्या कक्षा ज्या गणिती फलनांतून उभ्या करतात त्यांच्या संचात) चालवली तर साध्या रेणूंची ऊर्जा एका किलोकॅलरीच्या आत मिळते. अडचण खर्चाची. तो रेणूच्या आकाराच्या सातव्या घाताने वाढतो, म्हणजे रेणू दुप्पट केला की काम १२८ पट. एमपी२ ही त्याच कामाची ढोबळ पण स्वस्त पद्धत पाचव्या घातावर थांबते, म्हणून ती मोठ्या बेसिसमध्ये परवडते. दोन्ही मिळून वापरायच्या संयुक्त पद्धतीत काम असं वाटून देतात: मोठा बेसिस एमपी२ ला, महागडी सीसीएसडी(टी) लहान बेसिसला, आणि त्या लहान बेसिसमध्ये दोघींत जो फरक निघेल तो मोठ्या बेसिसच्या उत्तरात मिळवायचा. हा फरक बेसिसवर फारसा अवलंबून नसतो, यावर सगळी भिस्त आहे.

ती भिस्त डोळे झाकून ठेवायची नव्हती, म्हणून इथिलीनवर तो फरक डबल-झीटामध्ये काढला आणि ट्रिपल-झीटामध्येही काढला (डबल, ट्रिपल, क्वाड्रुपल-झीटा हे चढत्या आकाराचे बेसिस). अभिक्रियेच्या उष्णतेत दोन्ही उत्तरं एका किलोकॅलरीच्या काही दशांशांइतकीच हलली. या नोंदीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच. पुढे मोठ्या रेणूवर ट्रिपल-झीटाची सीसीएसडी(टी) चालणारच नाही, तेव्हा डबल-झीटावर किती विसंबायचं याचा अंदाज आता हाताशी आहे.

एमपी२ साठी ट्रिपल आणि क्वाड्रुपल-झीटा घेतले. इथिलीनला त्यांत अनुक्रमे ११६ आणि २३० फलनं लागतात. सहसंबंध ऊर्जेचं (इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवत फिरतात त्यामुळे येणाऱ्या भागाचं) बहिर्वेशन, म्हणजे अनंत मोठ्या बेसिसमधल्या उत्तराचा अंदाज, हेल्गाकर यांच्या घन-सूत्राने केलं: क्वाड्रुपलची ऊर्जा गुणिले ६४, त्यातून ट्रिपलची गुणिले २७ वजा, आणि बाकीला ३७ ने भागायचं. हार्ट्री-फॉकचा, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांच्या सरासरी क्षेत्रात धरून काढलेल्या ऊर्जेचा, भाग या सूत्रात कोंबू नका. तो कितीतरी वेगाने स्थिरावतो, त्याचा हिशोब वेगळा ठेवा.

इलेक्ट्रॉनांच्या मागे धावताना कंपनं विसरली जातात. इथेनची शून्यबिंदू ऊर्जा (निरपेक्ष शून्यालाही न थांबणाऱ्या कंपनांची) सुमारे ४६ किलोकॅलरी, इथिलीनची साडेएकतीस, हायड्रोजनची सहाच्या वर. वजाबाकी केली की साडेआठच्या घरातली दुरुस्ती एकट्या कंपनांची निघते. इतक्या निगुतीने काढलेल्या सीसीएसडी(टी) च्या दुरुस्तीपेक्षा ती मोठी आहे. कंपनांच्या वारंवारता बी३एलवायपी या स्वस्त पद्धतीने काढल्या आणि त्या थोड्या जास्त येतात म्हणून मापन-गुणकाने कमी करून घेतल्या. इथे हयगय केली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

आता जी२ या तयार संयुक्त पद्धतीबद्दल. रसायनशास्त्रज्ञ जॉन पोपल आणि सहकाऱ्यांची तिच्या आधीची जी१ आली १९८९ मध्ये, जी२ १९९१ मध्ये. दोन्हींत कृष्णन राघवाचारी होते, चेन्नईत शिकलेले, आणि सीसीएसडी(टी) च्या १९८९ च्या मूळ शोधनिबंधाचे पहिले लेखकही तेच. जी२ मध्ये शेवटी एक अनुभवजन्य दुरुस्ती असते: संयुजा (सगळ्यात बाहेरच्या) कवचातल्या प्रत्येक बीटा, म्हणजे खाली-फिरकीच्या, इलेक्ट्रॉनमागे ४.८१ मिलिहार्ट्री (ऊर्जेचं एकक) आणि प्रत्येक अल्फा, म्हणजे वर-फिरकीच्या, इलेक्ट्रॉनमागे ०.१९ वजा करायचे. ही दुरुस्ती इथिलीनवर कागदाने करून पाहा. रेणूत सहा जोड्या, प्रत्येकीत एक अल्फा आणि एक बीटा, म्हणून ३०.०० मिलिहार्ट्री. सुट्या अणूंत दोन कार्बनचे १०.७६ आणि चार हायड्रोजनचे ०.७६, मिळून ११.५२. फरक १८.४८ मिलिहार्ट्री, म्हणजे ११.६ किलोकॅलरी. अणुविघटन ऊर्जा, म्हणजे रेणू सुट्या अणूंत फोडायला लागणारी, सगळी मिळून ५३२ च्या आसपास असते, त्यात ही भर निव्वळ जुळवलेल्या आकड्यांची.

आणि हायड्रोजन जोडण्याच्या अभिक्रियेत? डावीकडे सहा अधिक एक जोड्या, उजवीकडे सात. दुरुस्ती पूर्ण कटते, शून्य. कार्बनच्या आतल्या इलेक्ट्रॉनांचंही तसंच. अणुविघटनात त्यांचा वाटा दोन किलोकॅलरींच्या वर जातो, अभिक्रियेत जवळपास काहीच उरत नाही. म्हणून माझं मत ठाम झालं आहे: आपल्यासारख्यांनी अणुविघटनाच्या वाटेला न जाता बंध दोन्हीकडे सारखे राहतील अशा अभिक्रिया निवडाव्यात. जी२ सारखी पद्धत बेन्झिनच्या निर्मिती-उष्णतेत जवळपास ४ किलोकॅलरी चुकत होती. १९९८ च्या जी३ ने ती चूक एका किलोकॅलरीच्या आत आणली, पण त्यासाठी पुन्हा आकडे जुळवावे लागलेच.

मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा जड काम रात्रीच लावतो, बाजूचं झाकण काढून, कूलरच्या वाऱ्यात. लाइट गेली तरी या पद्धतीत नुकसान थोडकं होतं, कारण हार्ट्री-फॉक, एमपी२, लहान बेसिसची सीसीएसडी(टी), वारंवारता ही सगळी कामं सुटी सुटी असतात. प्रत्येकाची आउटपुट फाइल वेगळी ठेवा, बेरीज शेवटी करा.

पुढचा रेणू आयसोअमाइल अॅसिटेट, पिकलेल्या केळीच्या वासातला मुख्य घटक. सात कार्बन, दोन ऑक्सिजन, चौदा हायड्रोजन. डबल-झीटामध्ये १९६ फलनं, तेवढ्यात सीसीएसडी(टी) जमेल. ट्रिपलमध्ये ४६६, ती माझ्या मशिनच्या आवाक्याबाहेर. क्वाड्रुपलची ९१५ फलनं एमपी२ ला घनता-फिटिंग या काम हलकं करणाऱ्या युक्तीने पेलतील. अभिक्रिया ठरली आहे: मिथाइल अॅसिटेट आणि आयसोअमाइल अल्कोहोल एका बाजूला, आयसोअमाइल अॅसिटेट आणि मिथेनॉल दुसऱ्या बाजूला. एस्टर तिकडे एक, इकडे एक, अल्कोहोलही तसंच. खरी डोकेदुखी संरूपणांची, म्हणजे बंधांभोवती वळून रेणू जे वेगवेगळे आकार घेतो त्यांची. ही साखळी इतक्या ठिकाणी वळते की सगळ्यात खालचं संरूपण हातातून निसटलं, तर जपून मिळवलेली अर्धी किलोकॅलरी तिथेच जाते. म्हणून आधी स्वस्त पद्धतीने सगळी संरूपणं चाळतो आहे. तळाची मोजकी निवडून एमपी२ कडे पाठवली की पुढची नोंद टाकतो.